भाऊबीजेचं कार्पेट

आमचा दादा कधी नव्हे तो उदार झाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण भाऊबीजेला भावाकडे संशयाने बघणारी बहीण मी तरी पाहिलेली नाही.

मी ओवाळून तबक खाली ठेवते न ठेवते तोच श्यामकांतदादा म्हणाला, "शुभा, यंदा साडी-बिडी नाही हं. तुझ्या हॉलला वॉल-टू-वॉल कार्पेट! झकास हिरवं."

तुझ्या हॉलला, म्हणाला. बाबा गेल्यावर मुलुंडची ही जागा दादाच्या नावावर झाली. बहिणीने भावाकडे हिस्सा मागायचा नसतो, म्हणून मी सही करून मोकळी झाले. "तू आहेस तोवर जागा तुझीच," असं तो आईसमोर बोलला होता. पुढे आईही गेली. लग्न मी केलं नाही. ऑफिसातून यायचं आणि या दोन खोल्यांत कुणाचंही न ऐकता राहायचं, एवढंच माझं सुख, आणि ते मला पुरत होतं.

दादा राहायचा गोरेगावला. आईच्या आजारपणात त्याला मुलुंड फार लांब पडायचं. आता मात्र रविवारी सकाळीच टॅक्सीच्या टपावर कार्पेटची गुंडाळी बांधून स्वारी हजर!

"माणूस कशाला लावायचा? आपणच बसवू ना. मजा येईल."

मजा आली, खोटं कशाला सांगू? सामान गॅलरीत काढलं, लाद्या पुसल्या, गोंद फासला. तेवढ्यात दादाची कंबर धरली. मग तो स्टुलावर बसून हुकूम सोडणार आणि मी गुडघ्यांवर रांगत कार्पेट ओढणार, अशी वाटणी झाली. भिंतीपाशी जास्तीचं होतं ते चांभाराकडून मागून आणलेल्या रापीने मी कापलं आणि कडा स्वयंपाकघरातल्या उलथन्याने कोपऱ्यांत खुपसल्या. दादा मधूनमधून बाबांची नक्कल करत होता. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघे सोलले होते, पण मला माझा भाऊ परत मिळाला होता.

पुढच्या रविवारी तो एका जोडप्याला घेऊन आला. "मित्र आहेत. कार्पेट बघायचंय त्यांना."

मी कौतुकाने चहा टाकला. बाई मात्र आधी स्वयंपाकघरात शिरल्या, नळ सोडून पाहिला, मोरीत डोकावल्या. आगाऊच दिसतायत, असं मनात म्हणून मी कप भरले. बाहेर आले तर त्या वाकून कार्पेटवरून हात फिरवत होत्या.

"रंग मी सांगितला तोच आणलात हो! शब्दाला जागलात," त्या दादाला म्हणाल्या. "आणि तुमच्या भगिनी जागा कधी सोडतायत?"

दादा पंख्याकडे बघत राहिला. मी गर्रकन त्याच्याकडे वळले, तसा ट्रेमधला चहा हिंदकळला.

"जपून हं," बाई मला म्हणाल्या, "डाग पडेल."

माझ्याच घरात!

ते दोघं गेल्यावर मी दार लावलं. "जागा विकलीस तू?"

"अगं, गोरेगावला मोठं घर घेतोय. पोरं वाढतायत यार. तू एकटी, तुझं काय, कुठेही होईल. एखादं हॉस्टेल बघतो ना मी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग माझ्याकडून हे बसवून कशाला घेतलंस?"

"त्यांना कार्पेट घातलेलीच जागा हवी होती," दादा अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला. "माझी कंबर ही अशी. आणि आधी सांगितलं असतं, तर तू हात लावला असतास का?"

"नसता लावला," मी म्हणाले. "म्हणूनच सांगायला हवं होतंस, दादा."

त्याने घड्याळ बघितलं आणि तो चपला घालायला लागला.