समईची कविता, लिहिली तशी

महेश्वरीला टाळांचा आवाज सोसत नाही, म्हणून मठात कीर्तन असलं की ती बाहेर, चपला काढतात तिथल्या कट्ट्यावर बसते. तिथं टाळ कमी आणि बुवा जास्त ऐकू येतात. ऑटिझम हा शब्द तिला तिसाव्या वर्षी डॉक्टरांकडून मिळाला; कविता ती दहाव्या वर्षापासून लिहीत होती.

मठातल्या समईसमोर सलग अकरा संध्याकाळी बसून तिनं लिहिलं होतं :

तेल खाली आहे.
वात मध्ये आहे.
उजेड वर आहे.
तेल थोडं खाली गेलं.
उजेड तिथेच आहे.

केम गावचे जोतीराम बुवा कीर्तनाला आले होते. त्यांनी वही वाचली. "ताई, आज कीर्तनात हीच घेतो की. पण शेवटी तुमचं नाव न्हाय. 'महेश्वरी म्हणे' असं कायतरी लावा. रीत हाय."

"मी त्यात नव्हते. समई होती."

"मग बघत कोन होतं?"

"ते तेलाला माहीत नव्हतं."

बुवा हसले. महेश्वरीची आई रत्नम्मा घाईनं म्हणाली, "तुम्ही लावा हो बुवा. हिला नको असेल नाव, मला हवंय की."

"एक शब्द जरी घातला तर ती माझी नाही," महेश्वरी म्हणाली. "मग म्हणू नका."

बुवांनी शब्द दिला.

कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा असे रंगले की वहीकडे बघायचं भान राहिलं नाही. शेवटची ओळ टाळकऱ्यांनी चारदा उचलून धरली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बुवांच्या तोंडून गेलं, "महेश्वरी म्हणे, उजेड तिथेच आहे." माना डोलल्या. पुढं बसलेल्या रत्नम्मानं पदर डोळ्यांना लावला.

कीर्तन चालू असताना मध्ये बोलू नये, हा नियम महेश्वरीनं आजवर मोडला नव्हता. ती कट्ट्यावरून उठली. दोन्ही कानांवर तळहात दाबून, बसलेल्या माणसांमधून वाट काढत थेट बुवांपुढं आली.

"हे मी लिहिलं नाही."

मृदंग थांबला. "बस गं खाली," रत्नम्मा दबक्या आवाजात म्हणाली, "लोक बघायलेत."

बुवांनी स्वतःचे कान धरले. "चुकलं, माउली. शब्द दिलता मी." त्यांनी टाळ खाली ठेवायला लावले, वही उघडली आणि पाच ओळी एकेक करून नुसत्या वाचल्या. चाल नाही, नाव नाही. तिसऱ्या ओळीला महेश्वरीचे हात कानांवरून उतरले.

वाचून झालं तरी कुणी हलेना. नाव आल्याशिवाय संपलं हे कळायचं कसं? टाळकरी बुवांकडे बघत राहिले आणि बुवा तिच्याकडे.

"संपली," ती म्हणाली आणि वहीसाठी हात पुढे केला.