लोहानंद महाराजांचा काळा लेप

छावणीमागच्या मोकळ्या मैदानावर दर शनिवारी सकाळी गाड्यांची अशी रांग लागायची की नवख्याला वाटावं, इथं पेट्रोल फुकट वाटतायत. टेम्पो, रिक्षा, जुन्या जीपा, शाळेच्या व्हॅन. सगळ्यांचे दरवाजे सताड उघडे, आतल्या चटया गुंडाळून टपावर टाकलेल्या. लोहानंद महाराज गाडीच्या तळाच्या पत्र्याला सिद्ध लेप लावून देत. मग म्हणे गंज जन्मात चढत नसे.

भगव्या लुंगीवर मेकॅनिकचा निळा शर्ट, हातात लाल दोरा बांधलेला रंगाचा रुंद ब्रश आणि पुढ्यात कुंकू लावलेली प्लॅस्टिकची बादली, असा महाराजांचा थाट होता. "लोखंड कुणाचं? शनीचं," ते सांगत. "त्यानंच दिलं, तोच खातो. आपण फक्त म्हणायचं, देवा, आता बस कर." मग बादलीतलं पिवळट पाणी ते तांबूस गंजावर फासत आणि बघता बघता गंज काळाकुट्ट होई. "शनीनं सही केली," असं महाराज जाहीर करत आणि लोक हात जोडत. नियम दोनच होते. आधी गंज खरवडायचा नाही आणि नंतर वर्षभर चटई उचलायची नाही. उचलली तर शनी बाहेर पडतो.

आप्पासाहेब मूळचे बिडकीनचे. शेती भावावर सोपवून ते शहरात शाळेची व्हॅन चालवत. पोरांवर त्यांचा भारी जीव. व्हॅनच्या मधल्या सीटपुढचा पत्रा पोखरला होता. वेल्डिंगवाला म्हणाला, तळ कापून नवा घालावा लागेल, गाडी आठवडाभर उभी राहील. त्यापेक्षा लेप बरा, असा विचार करून आप्पासाहेबांनी तो लावून घेतला आणि ते निर्धास्त झाले.

त्या व्हॅननं येणाऱ्या प्रेरणाचे मोजे मात्र वर्गात ओले दिसू लागले. विज्ञान शिकवणाऱ्या रूपा मॅडमनी विचारलं, तेव्हा पोरगी खुशीत म्हणाली की डबकं आलं की गाडीत खालून कारंजं उडतं, लई मजा येते. मॅडमना त्यात मजा वाटली नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी आप्पासाहेबांना चटई उचलायला सांगितलं.

"नाय मॅडम, शनी बाहेर पडंल."

"आणि पोरं बाहेर पडली तर?"

आप्पासाहेब गडबडले, पण चटईला त्यांनी हात लावला नाही. शनिवारी तुम्हीच येऊन डोळ्यानं बघा, एवढंच म्हणाले.

मॅडम आल्या. आप्पासाहेबही व्हॅन घेऊन हजर होते. बादलीजवळ उभ्या राहून त्यांनी वास घेतला आणि मनाशी हसल्या. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन त्यांनी बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा उकळून घेतला आणि तांब्या घेऊन परत आल्या. मलाही थोडी सिद्धी आहे, करून दाखवू का, असं त्यांनी महाराजांना अदबीनं विचारलं. एवढ्या गर्दीपुढं महाराज नाही कसं म्हणणार?

डोळे मिटून मॅडम गंभीरपणे पुटपुटू लागल्या, "मोहरी तडतडम्, कढीपत्ता पडम्, पोहे भिजम्, शेंगदाणे कुरकुरम्..." आणि एका जीपच्या गंजक्या पत्र्यावर त्यांनी चहा फासला. थोड्या वेळानं पत्रा काळा पडत गेला. एक म्हातारबुवा त्यांच्या पायाशी वाकले.

"उठा काका," मॅडम म्हणाल्या. "हा चहा आहे. आणि मंत्र पोह्यांचा."

मैदान हसून लोटपोट झालं. मग मॅडमनी समजावलं. महाराजांच्या बादलीत हिरड्याचा काढा आहे. हिरड्यात, चहात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. तो गंजाशी मिळाला की काळा रंग तयार होतो. पूर्वी लोक अशीच शाई करत.

"काळा झाला म्हणजे गंज थांबला ना?" महाराज गुरकावले.

"वरवरचा थोडा थांबतो, हे खरं. पण खाल्लेला पत्रा परत येत नाही. खात्री असेल तर आप्पासाहेबांच्या व्हॅनमध्ये तुमच्या लेपावर उभे राहा."

महाराज म्हणाले, शनिवारी आम्ही वाहनात चढत नसतो. सकाळी त्यांना जीपमधून उतरताना अख्ख्या रांगेनं पाहिलं होतं.

आप्पासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं व्हॅनची चटई ओढली. खाली पाणी साचलं होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरासा दाबला. काळा पत्रा पापडासारखा मोडला आणि खालचं गवत दिसलं. शेजारी दाबला, तिथंही तेच.

"इथं पोरं पाय ठिवत्यात," ते हळूच म्हणाले आणि दारातच खाली बसले.

मग एकेकानं आपापल्या गाडीतला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मैदानभर टकटक सुरू झाली. त्या गडबडीत महाराजांची जीप कधी निघून गेली, कळलंच नाही. बादली तेवढी मागं राहिली.

व्हॅन आठवडाभर उभी राहिली. पालकांनी मुलं आळीपाळीनं पोचवली. सडका पत्रा कापून नवा जोडला. उरलेला गंज आप्पासाहेबांनी तारेच्या ब्रशनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला. मग लाल प्रायमर मारला, पूर्ण वाळू दिला, त्यावर डांबरासारख्या जाड कोटिंगचे दोन हात दिले आणि पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवली.

बघायला आलेल्या एका रिक्षावाल्यानं विचारलं, याची गॅरंटी किती वर्षांची?

"गॅरंटी नाय," आप्पासाहेब म्हणाले. "दर पावसाळ्याआधी खाली वाकायचं आन् टोचून बघायचं."

लोखंडाला हवा-पाणी लागलं की ते गंजतं; मालक भाविक आहे की नाही, हे त्याला कळत नाही. ब्रशनं कोटिंग जरूर लावा, पण कशावर लावतोय ते आधी बघा. आणि जी गोष्ट कुणी तपासू देत नाही, तिच्यावर आपली मुलं बसवू नका.