माझ्यानंतर फायली कोणाकडे

एकट्याने वकिली करणाऱ्यांसाठी वकील परिषदेने नवा नियम केला होता. आपण गेलो किंवा अंथरुणाला खिळलो, तर अशिलांची कामं पुढे कोण चालवील, त्या वकिलाचं नाव आधीच द्यायचं. नाव नसेल तर सनदेचं नूतनीकरण होणार नाही.

वकीलबाईंनी शेजारच्या ऑफिसातल्या दाढीवाल्या वकिलाचं नाव दिलं. दिवसभरात त्या बोलायच्या त्या त्याच्याशीच. परिषदेच्या खिडकीतल्या कारकुनाने कॉम्प्युटरवर शोधलं.

"हे तर तुमच्या दोन दाव्यांत समोरच्या बाजूला आहेत."

"माणूस सज्जन आहे."

"असतील ना. म्हणून तुमच्या अशिलांची गुपितं त्यांच्या हातात द्यायची? दुसरं नाव आणा. शुक्रवारपर्यंत."

ऑफिसात येऊन बाई बसून राहिल्या. ओळखीचे वकील पुष्कळ होते, पण बहुतेकांची ओळख त्यांच्याविरुद्ध उभं राहूनच झाली होती. शेवटी त्यांनी जुन्या ज्युनियरला फोन लावला. बाई सतत चुका काढतात याला कंटाळून ती सोडून गेली होती. आता नदीपलीकडे तिचं स्वतःचं ऑफिस होतं.

"मॅडम? कोण गेलं?"

"कोणी नाही. मी गेल्यावर माझ्या फायली घेशील का, विचारायचं होतं."

"म्हणजे इतक्या वर्षांनी आठवण काढलीत, तीही पुढच्या सोयीसाठी."

"तुझे मसुदे चांगले असायचे."

"हे तेव्हा बोलला असतात तर अजून तिथेच असते मी. बरं, घाला नाव. पण तुम्हाला काही झालं तर मला कळवणार कोण?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. झाडायला येणाऱ्या बाईकडे किल्ली होती, पण ती सोमवारीच यायची. भाऊ परदेशात, त्याचा फोन वाढदिवसाला.

"मॅडम, आहात ना?"

"विचार करतेय."

"नका करू. रोज सकाळी मला एक मेसेज टाका. नाही आला, की मी निघेन."

नाव मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी हवेबद्दल चार ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि नुसतं 'आहे' एवढंच पाठवलं.

उत्तरादाखल एक अंगठा आला. चहा गार होईपर्यंत त्या त्याच्याकडे बघत बसल्या.