अंतरपाटापलीकडचा ठोका

ऋजुताच्या लग्नात अंतरपाटापलीकडे यशोधन सलग उभा नव्हता. तो ठोक्याठोक्याने येत होता. ठोक्याच्या मधोमध पुरा यशोधन, आणि एक ठोका संपून दुसरा लागतो त्या सांध्यावर भलताच कुणीतरी. मांडवातल्या सगळ्यांना ते दिसत होतं, पण दुसऱ्याच्या कार्यात असं बोलून दाखवायचं नसतं.

हार ठोक्याच्या मध्यावर पडला की ठरलेला नवरा मिळतो. सांध्यावर पडला तर पदरी पडलं नि पवित्र झालं. ऋजुताच्या ताईचा हार थोडासा सांध्याकडे सरकला होता. तेव्हापासून तिच्या नवऱ्याचा डावा हात दुसऱ्याच गृहस्थाचा आहे. हात तसा सभ्य आहे, पण कुठल्याही कामाला लागत नाही आणि जेवताना ताईच्या ताटातला पापड उचलतो. ऋजुताला यशोधन अख्खा हवा होता. त्याच्यासाठी तिने घरात भांडण मांडलं होतं, अबोला धरला होता, आणि अबोल्यातही भांडली होती.

ठोका मात्र कुणी सांगत नाही. वरपक्षाने नवरदेव पाठवायचा, घड्याळ पाठवायचं नाही, ही रीत. तो ज्या तालात येतोय, त्यातूनच वधूने ताल हुडकायचा. ऋजुता चिप बनवायच्या नोकरीत हेच करायची. तारेतून माहिती सुसाट येते, सोबत घड्याळ येत नाही, मग त्या माहितीच्या चढउतारांवरूनच घड्याळ जमवायचं. फक्त तिथे चुकलं तर चिप कचऱ्यात टाकता यायची.

गुरुजी ‘सावधान’ म्हणाले की अक्षता पडत, आणि त्या बरोबर सांध्यावरच पडत. झोक्याचं टोक अक्षतांशी जुळलं की झोक्याचा मध्य आपोआप ठोक्याच्या मध्यावर येई, म्हणून ऋजुता त्या अंदाजाने हातातला हार झुलवत होती. पाठीशी उभे असलेले दिगूमामा अक्षता आणि हार यांच्यातला फरक बघून सांगत. या कामासाठी मामांना दोनच शब्द दिले होते.

"उशीर," मामा म्हणाले.

ऋजुताने हार भराभर झुलवला.

"लवकर."

"मामा, नीट सांगा ना. किती लवकर?"

"लवकर."

शेजारी ताई करवली म्हणून कलश घेऊन उभी होती. ती पुटपुटली, "त्यांचं प्रत्येक बोलणं मनावर घेऊ नकोस, नाहीतर अंगात आल्यासारखी उड्या मारशील. मी ऐकते, साठवते, मग तुला सांगते. हं. आता किंचित आवर."

ऋजुताने किंचित आवरलं. हार अक्षतांशी जुळला. अंतरपाटावर काढलेल्या स्वस्तिकाच्या मधोमध कापड डोळ्यासारखं उघडलं आणि आत यशोधन दिसला. दोन्ही हातांसकट.

"आलीस?" तो म्हणाला.

"धरून ठेवलंय. हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? तूच हलतेस."

"आता शेवटचं," गुरुजी म्हणाले, आणि सिंधूआत्यांनी माईक घेतला.

हे मंगलाष्टक आत्यांनी स्वतः रचलं होतं. त्यात दोन्ही घराण्यांतले सगळे होते आणि ‘सावधान’ फक्त अगदी शेवटी होतं. लोकांनी अक्षता मुठीत आवळल्या. एक दाणा पडेना. मामा गप्प झाले. काही पडतच नाही तर ताडून काय बघणार?

"ताई, काहीतरी सांग."

"काय सांगू? मामा शेवटचं जे बोलले त्यावरच चाललंय. तू आपली मनाने झुलवत राहा."

मनाने झुलवलेला हार सरकतोच. डोळा बारीक होऊ लागला. आधी यशोधनचा कान गेला, मग खांदा. आत्या चुलत घराण्यावरून मावस घराण्यावर आल्या. त्यांची माणसं मावावीत म्हणून मांडव लांबत चालला होता. मागच्या रांगेतली मंडळी आता तांदळाएवढी दिसत होती.

"आत्या, मध्ये एकदा सावधान म्हणा ना!"

"मध्ये आणलं की चाल मोडते गं," आत्या चालीतच म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. ते माणूस अजून जन्मलेलं नव्हतं.

पहिल्या रांगेत वरपक्षाचे एक काका होते. त्यांना सर्दी झाली होती. ते शिंकले आणि त्यांच्या मुठीतल्या थोड्या अक्षता सांडल्या.

"उशीर!" मामा ओरडले. बिचारे केव्हाचे उपाशी होते.

काका पुन्हा शिंकले. काकांची सर्दी फार नियमित होती.

"उशीर. उशीर. लवकर."

"भराभर घे," ताई म्हणाली. "थोडं आवर. बास!"

हार शिंकांशी जुळला. डोळा टक्क उघडला, आधीपेक्षाही मोठा, आणि आत सांध्यावरचा माणूस उभा होता. तोही पुरा होता. त्याला मुंडावळ्या शोभत होत्या.

"यशोधन कुठाय?"

"माझ्या मागेपुढेच असतो," माणूस म्हणाला. "पण या जागेवर नेहमी मीच. इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं हो माझ्याकडे."

"ताई, हे चुकलंय!"

"चुकलं कसं? जरासुद्धा हलत नाहीये. आमच्या वेळी एवढं स्थिर कुठे होतं!"

आत्यांचा आवाज चढला. अंतरपाट धरणाऱ्यांनी काठ गोळा करायला घेतले. सनईवाल्याने सनई ओठांना लावली.

"शुभमंगल सावधान!"

सगळ्या मुठी एकदम उघडल्या. मामांनी तोंड उघडलं. काकांच्या शिंका सांध्यावर नव्हे, ठोक्याच्या मध्यावर येत होत्या; हार बरोबर अर्धा ठोका चुकला होता, म्हणजे जेवढा लवकर तेवढाच उशिरा. मामांकडे शब्द दोन, आणि दोन्ही सारखेच खरे. ते तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"ताई, सांग लवकर!"

"मामा बोलू देत, मग सांगते."

अंतरपाट सरकू लागला. डोळ्यातल्या माणसाने अदबीने मान पुढे केली. त्याच्यामागून यशोधन येत होता, किंवा नुकताच गेला होता. ऋजुताने ताल मध्येच तोडला आणि हार टाकला.

सनई वाजली. हार एका मानेभोवती होता. मान अजून ठरत होती. मुंडावळ्यांमागे यशोधनची भुवई आली, तिच्याखाली त्या माणसाचं हसू आलं, भुवई गेली, हसू अर्धं राहिलं, मग दोन्ही परत आली. लोक टाळ्या वाजवत होते.

"हार सरळ कर गं, फोटो काढतायत," ताई म्हणाली.

ऋजुताने हात पुढे केला. तिच्या बोटांखाली हनुवटी जागा शोधत होती.