अष्टमीची भरती

मासे रात्रीच का पकडायचे, हे माझ्या सासऱ्यांनी मला चार महिन्यांत इतक्या वेळा समजावलं होतं की मी त्यावर क्लास काढला असता. दिवसा किनाऱ्याला ऊन, बोटी, डुंबणारी माणसं. मोठा मासा शहाणा, तो खोल पाण्यात दडून राहतो. अंधार पडला की बारकी मासळी काठाला लागते आणि तिच्या मागोमाग हा अंगावर पट्टे असलेला स्ट्राइप्ड बास अगदी गुडघाभर पाण्यापर्यंत येतो. त्याला काळोखातही भक्ष्य सापडतं, पण गळाचा दोरा आणि दोरा धरणारा माणूस मात्र दिसत नाही. म्हणून रात्र. म्हणून पाण्यावर बॅटरी मारायची नाही. म्हणून मोठ्यानं बोलायचं नाही. थोडक्यात, माझ्यासारखीनं तोंड मिटून बसायचा हा खेळ.

मी वर्ध्याची. समुद्राशी माझा संबंध फोटो काढण्यापुरता, आणि पोहता तर मुळीच येत नाही. सासरे, म्हणजे मोरेश्वर सुर्वे, दापोलीचे. नोकरी एसटीच्या डेपोत केली आणि बाकीचं आयुष्य हर्णैच्या खडकांवर गरी टाकून बसण्यात घालवलं. सासूबाई गेल्यावर दोन वर्षं एकटे काढली आणि २००६च्या जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आयसेलिनला आले. माझा नवरा शंतनू त्यांचा एकुलता एक. त्यानं वडिलांना खूश करायला लांबलचक रॉड घेऊन दिला, सेलमध्ये छातीपर्यंत येणारी रबरी पँट घेऊन दिली, आणि दर शनिवारी रात्री तो त्यांना जर्सीच्या किनाऱ्यावर न्यायला लागला.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी मात्र शंतनूच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज होतं. तो लॅपटॉप उघडून कॉलवर बसला होता. सासऱ्यांना ड्राइव्ह करता येत नाही. म्हणजे उरलं कोण?

"उद्या जाऊ या ना," मी म्हटलं. "उद्या शंतनू फ्री आहे."

"आज अष्टमी आहे," सासरे म्हणाले. "तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. सहाला पूर्ण भरती, बाराला पूर्ण ओहोटी. म्हणजे आपण पोचल्यापासून बारापर्यंत पाणी उतरतच जाणार. अशी रात्र परत मिळत नाही."

शंतनूनं हेडफोनचा एक कान काढला. "बाबा, तो हिशेब तिकडचा आहे. इथे टाइड टेबल बघायचं असतं."

"चंद्र एकच आहे ना रे? मग?"

शंतनूला कॉलवर कुणीतरी हाक मारली आणि विषय तिथेच राहिला. एरवी तो वेळ नेटवर बघून द्यायचा आणि सासरे मुकाट ऐकायचे. आज त्यांचंच राज्य होतं. आमिषाच्या दुकानात फुकट मिळालेला भरती-ओहोटीचा छापील कागद त्यांनी न बघता स्क्विडच्या पिशवीखाली अंथरला.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी खरंच लांब गेलेलं होतं. किनाऱ्यापुढे समुद्रातच वाळूचा एक लांब उंचवटा उघडा पडला होता, आणि त्याच्या अलीकडे एक चर होता, त्यात पोटरीभर पाणी. सासरे छपछप करत चर ओलांडून उंचवट्यावर गेले. मासा त्याच्या पलीकडच्या उतारावर फिरतो म्हणे.

"तू इथेच बस. लाइट नको, आवाज नको," जाताना त्यांनी बजावलं.

मी घडीची खुर्ची उघडून बसले. शेजारी मासे ठेवायची रिकामी बादली. अर्धा चंद्र आमच्या पाठीमागे होता, त्यामुळे सासऱ्यांची आकृती पाण्यावर स्पष्ट दिसत होती. रॉड मागे जायचा, पुढे यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. फोन मी गाडीत विसरले होते आणि गाडी वाळूच्या टेकाडापलीकडे पार्किंगमध्ये होती. थंडी वाजत होती. मनात मी शंतनूशी भांडत होते, आणि त्या भांडणात मी जिंकत होते.

लांब उजवीकडे दोन गोरे मासे पकडत होते. दहाच्या सुमारास त्यांनी सामान आवरलं. माझ्या मागून जाताना त्यातला एक काहीतरी म्हणाला. वाऱ्यात मला "टाइड" एवढंच ऐकू आलं. मी नेहमीसारखं हसून थँक यू म्हटलं. ते गेले, आणि त्या सगळ्या किनाऱ्यावर आम्ही दोघंच उरलो.

मग माझा डोळा लागला असावा. पायाला गार लागलं म्हणून जाग आली. बूट ओले होते. बादली शेजारी नव्हती. ती चार हातांवर होती, आणि तरंगत होती.

मला समुद्रातलं काही कळत नाही, पण बादली मी कोरड्या वाळूवर ठेवली होती हे मला पक्कं माहीत होतं. पाणी उतरतंय म्हणाले होते ना? मग हे काय आहे? मी उभी राहिले. सासरे अजून तिथेच होते, माझ्याकडे पाठ करून, घोटाभर पाण्यात. त्यांच्या पायाखालचा उंचवटा दिसतच नव्हता. आणि त्यांच्या-माझ्यामधला तो चर, जो मघाशी त्यांनी छपछप करत ओलांडला होता, तो आता चांगला रुंद झाला होता आणि त्यातलं पाणी एका बाजूला जोरात ओढलं जात होतं. त्यांचं तोंड समुद्राकडे. मागे काय चाललंय याचा त्यांना पत्ताच नव्हता. ते पाणी उतरायची वाट बघत होते.

"बाबा!" मी ओरडले.

ते ऐकू गेलं. त्यांचे खांदे ताठ झालेले मला दिसले. पण त्यांनी मागे बघितलं नाही.

"बाबा, मागे या! पाणी वाढतंय!"

एवढ्यात एक लाट फुटली. माझं अर्धं वाक्य तिच्यातच गेलं असणार. सासरे हलले, पण माझ्याकडे नाही. ते दोन पावलं पुढे गेले. समुद्राच्या दिशेनं.

मी पुन्हा हाक मारली, आणखी जोरात, "बाबा!" आणि ते आणखी पुढे सरकले. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं. मला वाटलं, मी आवाज करून मासे पळवतेय म्हणून हा माणूस रागावलाय आणि मुद्दाम ऐकत नाहीये. गाडीकडे धावावं, नाइन-वन-वनला फोन करावा, तर टेकाड चढून जाऊन येईपर्यंत इथे काय उरेल? मदतीला चिटपाखरू नव्हतं. हाक मारण्याशिवाय मला काहीही येत नव्हतं, आणि हाक मारली की ते बुडण्याच्या दिशेनं चालत होते.

आणि मग माझं डोकं फिरलं. खरं सांगते, भीतीनं नाही, संतापानं. चार महिने दाताखाली दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं, तेही वर्ध्याच्या बोलीत.

"काहून ऐकत नाही तुम्ही? ऐकायचंच नाही का कोणाचं? घरात तेच, इथे तेच! थर्मोस्टॅट ऐंशीवर कोण नेऊन ठेवतं रोज? हीटरचं बिल तुम्ही भरता का? बाथरूममध्ये बादलीनं पाणी ओतता, खालच्या बाईच्या सिलिंगमधून गळलं, बिल्डिंगच्या मॅनेजरसमोर सॉरी कोण म्हणालं? मी म्हणाले! सिंकमध्ये खवलं टाकून खरकटं दळायचं डिस्पोजल तुम्ही बंद पाडलं, हात कोणी घातला त्यात? आणि फोनवर साऱ्या दापोलीला सांगता, सून फ्रोझन पोळ्या खाऊ घालते! ऐकू येतं मला! आता बुडा! बुडा आणि मला शंतनूला तोंड दाखवायला लावा!"

सासरे वळले.

"सुनेत्रा?" त्यांचा आवाज अगदी बारीक आला. "तू आहेस होय गो?"

"मग कोण असणार? मागे बघा! पाणी चढतंय, उतरत नाहीये!"

त्यांनी मागचा चर बघितला आणि जागच्या जागी थबकले. हर्णैला जन्म काढलेला माणूस, त्याला एका नजरेत कळलं. ते लगबगीनं उंचवटा ओलांडून आले आणि चरात उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं, मग पोटापर्यंत. तोल सावरत ते तिरके चालत होते आणि ओढ त्यांना बाजूला नेत होती. मधोमध पोचले आणि एक लाट त्यांच्या छातीवरून गेली. रबरी पँटीत वरून पाणी शिरलं. ते थांबले.

"पाय उचलत नाही," ते म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला जास्तच भीती वाटली.

मी पाण्यात शिरले. गार पाण्यानं श्वासच अडकला. मांडीपर्यंत गेले आणि पाय पुढे पडेना. त्यांनी रॉड फिरवून जाड मुठीचं टोक माझ्याकडे केलं. ते मला जेमतेम पकडता आलं. मी जीव खाऊन ओढलं आणि रॉड मधल्या जोडातून निघून आला. अर्धा रॉड छातीशी धरून मी पाण्यात आपटले. नाकातोंडात खारं पाणी. उठले तेव्हा त्यांच्या हातात दुसरा अर्धा होता आणि ते आणखी डावीकडे सरकले होते.

"मागे जा," ते ओरडले. "तुला पोहता येत नाही! जा मागे!"

"तुम्ही गप्प बसा!"

मी डावीकडे पळाले, पाण्यात पळता येतं तितकं. मग आत गेले. पाणी छातीला लागलं. पायाखाली वाळू होती, नव्हती, पुन्हा होती. हात लांब केला आणि माझ्या हातात त्यांचं मनगट आलं. ते मी असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे माझ्या बोटांचे निळे वळ होते. एक लाट मागून आली आणि या वेळी तिनं आम्हाला काठाकडे ढकललं. पुढचं नीट आठवत नाही. शेवटी आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो, खोकत, आणि खाली वाळू होती.

गाडीत हीटर फुल करून मी त्यांना डिकीतल्या चादरीत गुंडाळलं. ती रबरी पँट उलटी केली तेव्हा तिच्यातून बादलीभर पाणी निघालं. त्यांचे दात वाजत होते, माझेही.

"इथली अष्टमी वेगळी," ते शेवटी म्हणाले.

"हाक ऐकू आली होती ना?" मी विचारलं. माझा राग अजून पुरता उतरला नव्हता. "मग पुढे काय चालत होतात?"

ते चादरीच्या कडेशी चाळा करत राहिले. "आमच्याकडे रात्री पाण्यात उभं असताना मागून हाक आली तर ओ देत नाहीत. वळून बघायचं नाही, हाकेपासून लांब जायचं. लहानपणापासून डोक्यात बसलंय."

"भूत समजलात मला?"

"थर्मोस्टॅट म्हणालीस तोवर. भुताला कुठली आली गो थंडी?"

मी हसले. तेही हसले, आणि हसता हसता थांबले.

"बाईचा आवाज, आणि 'बाबा' म्हणून हाक," ते म्हणाले. "मला मुलगी नाही. मला तशी हाक मारणारी बाई या जगात कोण आहे, असं वाटलं. तू तर मला कधी हाक मारत नाहीस."

त्यात टोमणा नव्हता. खवचटपणे म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. पण ते नुसतं सांगत होते, पाणी का वाढलं हे सांगावं तसं.

मी गाडी सुरू केली. परतताना पार्कवेवर पूर्ण वेळ मी आठवत होते. चार महिन्यांत एकदा तरी म्हटलं असेलच की. "जेवायला चला." "ऐकलं का, फोन आहे." "चहा ठेवलाय." "शंतनू, बाबांना विचार." त्यांच्या पाठीमागे बाबा, समोर काहीच नाही. लग्नानंतर लगेच म्हणायचं राहिलं, तेव्हा लाज वाटली. पुढे फोनवर शंतनूच बोलायचा. मग ते इथे आले, मग रोजच्या बारीकसारीक गोष्टींचा राग, आणि मग सवय. यात कुणाचं वाईट करायचा विचार नव्हता. पण मी हाक मारत होते आणि ते खोल पाण्यात जात होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. मला रडू आलं. आवाज होऊ न देता मी रडले, कारण ते शेजारी झोपले होते.

घरी पोचलो तेव्हा आमच्या खिडकीत दिवा होता. शंतनू अजून कॉलवर असणार. मी इंजिन बंद केलं. त्यांचं डोकं काचेला टेकलेलं होतं, तोंड उघडं, केस मिठानं चिकटलेले. खांद्याला हात लावून उठवता आलं असतं. नेहमीसारखं "उतरा" म्हणता आलं असतं.

"बाबा," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "बाबा."

"ओ," ते म्हणाले, आणि डोळे न उघडताच दाराची कडी चाचपायला लागले.