आगेऱ्याला गेलेला हंडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, मरोळच्या गावठाणातला. जुना म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या त्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना एकदा आपटलं की पोचा येतो. मला तांबटाने हजार ठोके घालून घडवलं आहे आणि प्रत्येक ठोका मी अंगावर मिरवतो.

रेजिनाबाय नवरी होऊन या ख्रिस्ती घरात आली, तेव्हा तिच्याबरोबर मी आलो. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या पाण्याने नवऱ्याला आंघोळ घालतात. गावठाणात लग्न निघालं की निरोप यायचा, "रेजिनाचाच हंडा पाठवा." माझ्या गळ्यात झेंडूची माळ, पुढे बँड! रेजिना बजावायची, "भरून न्या, पण पोचा आणलात तर तुमच्या नवरीला घरात घेणार नाय."

तिची जीभ अशी. पण हात जोडले की तीच बाई लोण्यासारखी व्हायची. जेवायला बसलं की ताटात भात असो नाहीतर नुसती पेज, ती मोठ्याने म्हणायची, "देवा बापा, तू दिलंस, तुझे आभार." मग घास. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने हे चुकवलं नाही.

आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी आगेरा. शेतातल्या पहिल्या लोंब्या कापून देवळात न्यायच्या, फादरांनी आशीर्वाद द्यायचा आणि मगच घरात नवा भात शिजवायचा. रेजिनाच्या सासूने नवस केला होता की या घराची पेंढी एकही वर्ष चुकणार नाही. ती चुकलीही नव्हती.

पुढे माझं वय झालं. तळ झिजला, भोक पडलं. भांडी सांधणाऱ्या काशीरामने मला उलटंपालटं केलं. "बाय, आता कथलाचा डाग धरत नाय. मोडीत घाला."

"तुझे दात पडले तेव्हा तुला घातला का मोडीत?" रेजिनाने विचारलं. काशीराम आपली हत्यारं गोळा करून गेला. पण मीही परसात गेलो, फणसाखाली. पाणी नाही, बँड नाही. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. किती सांगू?

मग सत्तावन्न साल आलं. कारखाने उभे राहायचे म्हणून आमचं शेत मोजणीत गेलं. ईस्टर झाल्यावर त्याच्याभोवती कुंपणाचे खांब उभे राहिले. त्या दिवशी रेजिनाने मला परसातून उचललं, शेतात नेलं आणि कोरडी ढेकळं माझ्यात कोंबली.

"आई, मातीचं काय करणार?" सून फिलूने विचारलं.

"काय पण नाय करणार. माझी माती, त्यांना ठेवणार नाय."

भक्ती नव्हती ती, मित्रांनो. निव्वळ राग होता. तिने मला फणसाखाली आपटलं, तोंडावर फळी टाकली आणि पाठ फिरवली.

त्या रात्री जेवायला बसल्यावर मला परसात तिचा आवाज ऐकू आला. "देवा बापा, तू दिलंस..." आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशीही तसंच. "तुझे आभार" हे दोन शब्द तिच्या तोंडून निघेनात. एकदा फिलू म्हणाली, "आई, पुढचं?" तर म्हणाली, "जेव तू. भात निवतोय."

जुलै संपत आला होता. चुलीपुढे बसायला पाट नव्हता म्हणून फिलूने माझ्यावरची फळी उचलली. माझ्यात ऊन आलं, पाऊस आला. चौथ्या दिवशी मला आतून गुदगुल्या झाल्या.

चाळीस वर्षं माझ्यात पाणी आलं आणि गेलं. आता पहिल्यांदाच कोणीतरी राहायला आलं होतं! गेल्या हंगामात शेतात गळलेलं भात त्या ढेकळांत निजून होतं. कोणी पेरलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. पोपटी सुया वर निघाल्या आणि मी श्वास रोखून धरला.

रेजिना कोंबड्यांना हाकलायला आली आणि पाहत राहिली. मग म्हणाली, "मेल्यांनो, तुम्हाला कोणी बोलावलं?" पण आवाज हळू होता.

माझ्या भोकातून पाणी निघून जायचं आणि भाताला तर पायाशी पाणी लागतं. तिने वाडीतल्या क्रुसापाशी मेणबत्त्यांचं जळून उरलेलं मेण गोळा केलं, वितळवलं आणि मला कलतं करून माझं भोक खालून बुजवलं. शेजारची शेवंती, मालवणकडची, कुडावरून डोकावली. "मावशे, हंड्यात भात? उद्या पातेल्यात आंबो लावशात!"

"लावीन. कैरी मागायला येऊ नको म्हणजे झालं."

सप्टेंबर सरता सरता लोंब्या निसवल्या. भाताला फूल येतं, ठाऊक आहे? सकाळी दहाच्या सुमाराला तास-दीड तास, तांदळाच्या कणीएवढं. मी ते अगदी जवळून पाहिलं. विहिरीत उतरताना मी आभाळ पाहिलं होतं, पण एवढं मोठं काही पाहिलं नव्हतं.

पण आगेरा तोंडावर आला आणि दाणे अजून हिरवे, आत नुसतं दूध. उशिरा उगवलेले ना! कापले असते तर वाया गेले असते.

शेवंती म्हणाली, "मावशे, पलीकडसून एक पेंढी आणून देऊ काय?"

"दुसऱ्याच्या शेतातली पेंढी दिली तर आभार पण त्याचेच. माझे कुठले?" रेजिना म्हणाली.

रविवारी सकाळी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, चुंबळ केली आणि मला मातीसकट डोक्यावर घेतलं. भोक पडलेला, काळा पडलेला मी! आयाबायांच्या हातात पिवळ्याधमक पेंढ्या होत्या. कोणीतरी खुदकन हसलं. रेजिनाने मान वळवली नाही. वळवली असती तर मी पडलो असतो, आणि हसणारी वाचली नसती.

फादर ओळीने आशीर्वादाचं पाणी शिंपडत आले. आमच्यापुढे थांबले. माझ्यातली अकरा हिरवी रोपं वाऱ्यावर हलत होती, मुळांसकट, जिवंत. त्यांनी विचारलं, "कुठल्या शेतातलं, बाय?"

"शेत नाय, फादर," ती म्हणाली. "हे आपलं आपण आलं. मी तर रागात होते." मग ती पुटपुटली, "देवा बापा, तू दिलंस... तुझे आभार."

फादरांनी दोन थेंब टाकायचे ते ओंजळभर टाकलं. फिलूने पाहिलं तर सासूचे गाल ओलेचिंब.

"आई, काय झालं?"

"होणार काय? हा मेला हंडा गळतोय."

मित्रांनो, तुमच्या घरच्या जुन्या भांड्यांना जपा. मोडीत घालण्याआधी त्यांना एकदा विचारा, त्यांनी काय काय पाहिलं आणि कोणासाठी नाव खराब करून घेतलं. कारण त्या दिवशी क्रुसाचं मेण घट्ट बसलं होतं. मी एक थेंबही गळलो नव्हतो.