पोचवायला या

वनिताचं डोकं पेणच्या दवाखान्यातच फिरलं. सासऱ्याची साखर उतरायच्या ऐवजी चढली होती.

"एका डोळ्याला अंधारी आलीच आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर अशीच राहिली तर दुसऱ्याची खात्री नाही."

"पण मामा रोज चालतात! सगळी वाडी घेऊन चालतात!"

खोटं नव्हतं. हैबतराव एकटा चालायचा नाय, म्हणून वनितानंच घरोघर फिरून म्हाताऱ्यांचा जथा उभा केला होता. सकाळी वाडीतनं निघायचं, कासू स्टेशनला टेकायचं, माघारी यायचं. घरात भात कमी, नाचणीची भाकरी जास्त. मग साखर चढली कुठनं?

दुसऱ्या दिवशी ती लपतछपत मागनं गेली. बघते तर पहिल्याच दाराशी जथा थांबलेला.

"या हो, दारावरनं कोरडं जातात काय?"

घोटभर चहा. पुढच्या दारी चहा, वर तळलेले पोह्याचे पापड. चंद्रावतीकाकीच्या चहात तर चमचा उभा राहील एवढी साखर. म्हातारे चालत कसले होते, पाहुणचार झोडत सुटले होते!

"मामा, अहो डोळ्याचं काय?"

"दारातल्या चहाला नाय म्हणायचं? भांडण हाय काय आपलं कुणाशी?"

वनितानं कपाळ बडवलं आणि जथ्याचा रस्ताच बदलला. शेताच्या बांधावरनं, जिथं घर नाय की चूल नाय. झालं! वाडी फुगून बसली. शेजारची सरू नळावर बोलेना. चंद्रावतीकाकीनं तर भर रस्त्यात गाठलं.

"काय गो वनिता, आमच्या दाराला काटे लागलेत काय?"

"काकी, साखरेनं डोळा चाललाय त्यांचा!"

"एवढ्याशा चहानं? आमच्या ह्यांनी जन्मभर प्याला."

"आणि गेले कशानं?"

"साखरेनंच. पण चहा नाय सोडला हो!"

ह्या बाईपुढं डोकं आपटायला जवळ भिंतही नव्हती. पण तेवढ्यात वनिताच्या डोक्यात किडा वळवळला. रीत पायजे ना? घ्या रीत!

"बरं काकी, उद्यापासनं जुन्याच रस्त्यानं येतील. पण मान करायचा तर पुरता करा. ज्यानं चहा दिला, त्यानं पाहुण्याला पोचवायचं. पार स्टेशनपर्यंत."

हेच तिनं दारोदार सांगितलं. नाय कोण म्हणणार? बायका पदर खोचून पोचवायला गेल्या. इकडं चुलीवर कुणाचा भात करपला, कुणाचं दूध उतू गेलं. दोन दिवसांत दारं लोटलेली. जथा आला की ओट्यावरनं नुसता रामराम.

एकटी चंद्रावतीकाकी हटली नाय. पण पोचवायला निघायचं तर चहा उकळत बसायला वेळ कुठं? तिनं ताकावर भागवलं. स्टेशनपर्यंत गेली. परतताना आपलं दार आलं तरी थांबली नाय. हैबतरावाला त्याच्या अंगणात सोडूनच दम घेतला. आता हैबतराव पडला रीतीचा माणूस.

"बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं?" म्हणत निघाला तिला पोचवायला. तिच्या दारातनं ती परत ह्याला पोचवायला!

पुढच्या तपासणीला साखर उतरली. "डोळा सांभाळलात," डॉक्टर म्हणाले. "असंच चालू ठेवा."

चालू ठेवा काय, आता थांबवणार कोण? उन्हं डोक्यावर आली, भाकरीचं पार लाकूड झालं, तरी म्हाताऱ्याचा पत्ता नाय. वनिता करवादून रस्त्यावर येऊन उभी राहिली. लांब वळणावर दोघं दिसली, तिकडनंच हैबतराव ओरडला,

"सूनबाय, तोंड का गो एवढं वाकडं?"

एवढ्या लांबनं म्हाताऱ्याला तिचं तोंड दिसलं. वनितानं ते आणखी वाकडं केलं, आणि भाकरी परत तव्यावर टाकायला आत गेली.